डावा पाय कुठं होता

काठी मी बोहरी आळीतून आणली,
घासाघीस करून.
वेताची, वाकड्या मुठीची, खाली काळं रबरी बूच.
दुकानदार म्हणाला, बूच झिजलं तर या,
दहा रुपयांत बदलून देईन.
काठीबद्दल एवढीच हमी मिळाली.

चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात
परक्यांचे आवाज जोडून दिले.
गुडघ्याचा कॉल मात्र उशिरा घेतला.

फेब्रुवारीत पद्मावतीच्या चढावर
सिंधू खळदकरच्या गळ्यातलं ओढून नेलं कुणी.
मानेवर पातळ लाल रेघ राहिली महिनाभर.
ती पदरानं झाकायची,
जशी काही तिनंच चोरी केली होती.

आमचा रात्रपाळीचा वॉचमन ज्ञानोबा थोपटे
एके काळी नाना पेठेतल्या तालमीत लाठी शिकवायचा.
अजून त्याला वस्ताद म्हणणारे दोघेतिघे आहेत,
त्यातला एक रिक्षा चालवतो.
शिकवता का, म्हटलं.
त्यानं आधी काठीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.
"ही फिरवायची नाही, ताई.
फिरवायला अंगण लागतं. तुमच्याकडं जिना आहे."

पहिला आठवडा त्यानं काठी काढूनच घेतली.
गच्चीवरच्या टाकीला टेकवून ठेवली.
"उभ्या राहा."
मी उभी राहिले. कबुतरं बघत होती.
"उगारलेली काठी आधार देत नाही.
उगारलीत की दोनच पाय,
त्यातला एक लोखंडाचा."

मग मूठ पोटाशी, दोन्ही हात काठीवर,
डावा पाय मागं, भार उजव्यावर,
आणि वाळत घातलेल्या गोधडीच्या मधोमध टोक.
पुन्हा. पुन्हा.
गोधडीवर काळे गोल ठसे उठले,
तिसऱ्या मजल्यावरून तक्रार आली.
वस्ताद म्हणाला, ठसे एका जागी पडत नाहीत अजून.

ऑक्टोबरात, सहकारनगरच्या मागच्या गल्लीत,
दिवे गेलेले, हातात दुधाची पिशवी,
मोटारसायकल पुढं गेली आणि वळून आली.
मागचा उतरला. तोंडाला रुमाल,
मनगटात जत्रेतलं कडं.
कडं माझ्या गळ्यापाशी आलं तेवढं आठवतं.

बरगडीचा आवाज गोधडीसारखा नसतो.
तो फुटपाथवर बसला, श्वास अडकलेला,
"आई गं" म्हणाला.
कुणाला म्हणाला, माहीत नाही.
दुसऱ्यानं त्याला ओढून मागं बसवलं
आणि गल्ली पुन्हा अंधारी झाली.

मी उभी होते.
काठी आडवी, दूध गटाराकडं निघालेलं.
लोक आले. कुणी फोटो काढला,
कुणी, या वयात कशाला काकू,
कुणी विचारलं, किती तोळ्यांचं?
"एक ग्रॅमवालं. तुळशीबागेतलं. तीनशे रुपये."
गर्दी जरा नाराज झाली.

मी बूच शोधत होते.
वाकता येईना. क्लासवरून येणाऱ्या एका मुलीनं
मोबाईलच्या उजेडात ते शोधून दिलं,
कुणाच्या तरी ॲक्टिव्हाखाली होतं.
काठी बुचाशिवाय फरशीवर घसरते,
हे तिला सांगत बसले मी,
दोनदा, तीनदा.

फाटकाशी वस्ताद चहा पीत होता.
बातमी माझ्या आधी पोचली होती.
लागलं का, असं नाही विचारलं.
"डावा पाय कुठं होता?"
मला आठवेना.
रात्रभर पलंगावर पडून तो पाय शोधला,
आणि मधेच, नको असताना, ते "आई गं".

चार दिवसांनी बोहरी आळीत गेले.
दुकानदारानं जुनं बूच बोटांत फिरवून पाहिलं.
"एकाच बाजूनं झिजलंय," म्हणाला,
"फार भार टाकता काठीवर."
मी दहा रुपये दिले.
नवं बूच घट्ट ठोकून घेतलं
आणि दुकानाची पायरी उतरले,
आधी डावा.